आर-स्क्वेअर ०.९९ आला, म्हणजे तांबं बरोबर मोजलं?

रक्तातलं तांबं मोजायची रंगमापन पद्धत दिसायला अगदी सोपी आहे. सिरममधलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात अडकलेलं असतं. टीसीए घालून ते सोडवायचं, अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने क्युप्रिकचं क्युप्रस करायचं आणि बॅथोक्युप्रॉइन डायसल्फोनेट घालायचं. नारिंगी रंग येतो, तो ४८० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. किटच्या कागदावर हे सगळं एका पानात मावतं. पद्धत चांगलीच आहे. माझी तक्रार आहे ती त्या एका पानाबद्दल.

पहिली गोष्ट, हा रंग किती फिका असतो ते पान सांगत नाही. जरा गणित करून बघा. निरोगी माणसाच्या सिरममध्ये साधारण १५ मायक्रोमोलर तांबं धरा. टीसीएने निम्मं झालं, रिएजंटने पुन्हा निम्मं, उरलं ३.७५. एक मायक्रोमोलरला एक सेंटिमीटरमध्ये साधारण ०.०१२५ अ‍ॅब्सॉर्बन्स मिळतो. म्हणजे आपलं रीडिंग ०.०४७. शहाण्णव वेलच्या प्लेटमध्ये द्रवाची उंची अर्धा सेंटिमीटर असेल, तर त्याच्याही निम्मं! इथे ब्लँक ०.०१ ने हलला, तर निष्कर्षच हलतो. काचसामान नायट्रिक आम्लाने का धुवायचं, ते आता कळलं ना?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. स्टँडर्ड आपण पाण्यात बनवतो, सॅम्पल मात्र रक्तातलं असतं. सुरेख सरळ रेषा आली, तर पाण्यातलं तांबं नीट मोजता येतं एवढंच सिद्ध होतं. माझ्या दोन गटांत छान फरक आला होता. सिनॉप्सिसमध्ये आलेख टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात गाईड मॅडमनी विचारलं, "दोन्ही गटांचं रक्त एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये घेतलंस का?" नव्हतं घेतलं. एका गटाचं जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या ट्यूबमध्ये होतं, आणि ईडीटीए तांब्याला धरून ठेवतं. दोन्हींत १० मायक्रोमोलर तांबं मुद्दाम मिसळून पाहिलं. सिरममध्ये जवळजवळ सगळं परत दिसलं, ईडीटीएच्या सॅम्पलमध्ये जेमतेम निम्मं. माझा 'निष्कर्ष' झाकणाच्या रंगाचा होता! चार महिन्यांची सॅम्पल्स बाद झाली.

म्हणून तीन सवयी पहिल्याच दिवशी लावून घ्या. मोजलेलं तांबं मिसळून ते किती परत मिळतं ते बघा. बॅथोक्युप्रॉइन न घातलेला सॅम्पल ब्लँक ठेवा, कारण लालसर सिरमचा स्वतःचाही रंग असतो. आणि जमलं तर चार-सहा सॅम्पल्स आयसीपी-एमएसवर पडताळून घ्या.

शेवटी अर्थ लावतानाही जपून. विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठलेलं असतं, तरी सिरममधलं एकूण तांबं बऱ्याचदा कमीच दिसतं. आकडा बरोबर आला, तरी तो कशाचा आकडा आहे हे किट सांगत नाही बरं का. ते आपणच विचारायचं.