खर्ज कोणाच्या हाती

जॅझ-रॉक म्हटले की आपल्याकडच्या रसिकाला महाविष्णू ऑर्केस्ट्रा आठवतो, त्यामागून जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांची ‘शक्ती’ आठवते, आणि यादी बहुधा तिथेच थांबते. पोलंडचे नाव त्यात येत नाही. वास्तविक १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या जॅझ-रॉकच्या मैफलीत महाविष्णूच्या जोडीने चेस्वाव नियेमेन हा पोलिश गायक आपला संच घेऊन आला होता. त्याच्या मागे वाजवणारे त्रिकूट सायलेशियातल्या शेमियानोवित्से या कोळसा-पोलादाच्या गावात १९७१ मध्ये जमले होते. ‘सायलेशियन ब्लूज बँड’ हे त्याचे तेव्हाचे नाव. युझेफ स्कशेक बास गिटार वाजवी, गाई आणि पियानोवरही बसे. आपोस्तोलिस आंथिमोस, यादवीनंतर ग्रीस सोडून आलेल्या कुटुंबातला, सतरा वर्षांचा गिटारवादक. आणि ड्रम्सवर येझी पिओत्रोव्स्की. १९७३ अखेर हे तिघे नियेमेनपासून वेगळे झाले आणि ‘एसबीबी’ या नावाने स्वतःची वाट चालू लागले. त्यांच्या वाटचालीची एक ठराविक मांडणी रूढ आहे: आधी ब्लूज, मग जॅझ-रॉक, मग सिंफनीच्या थाटाचा रॉक, मग इंग्रजी गाणी, मग फाटाफूट, मग पुनर्मीलन. ही मांडणी खोटी नाही, पण ती फक्त पाट्या वाचते. एसबीबीचा नाद प्रत्येक टप्प्यावर का बदलला, हे कळायला एकच गोष्ट कान देऊन ऐकावी लागते. त्या क्षणी खर्ज कोण सांभाळतो आहे?

त्रिकुटात हा प्रश्न टाळता येत नाही. पाच-सहा जणांच्या संचात बासवाला ठरलेला असतो. बाकीच्यांनी काहीही केले तरी तळ जागचा हलत नाही. एसबीबीत बासवाला हाच कीबोर्डवाला आणि हाच गायक. स्कशेकने बास गिटार खाली ठेवली की तळाचा तार-नाद नाहीसा होतो. त्याने ती गळ्यात घातली की कीबोर्डचा सगळा पडदा नाहीसा होतो. त्याचे शिक्षण पियानोचे आणि ‘ब्रेकआउट’ या ब्लूज-रॉक संचात त्याने बास वाजवला होता, म्हणजे दोन्ही वाद्यांवर त्याचा हात सारखा चालत असे. आवडीनिवडीची ही अडचण नव्हती. एका माणसाला एका वेळी दोनच हात असतात, एवढीच ती होती, आणि एसबीबीचे संगीत या अडचणीतून घडले.

पहिली तबकडी १९७४ची. वॉर्सातल्या ‘स्तोदोवा’ या विद्यार्थी क्लबात एप्रिलमध्ये झालेल्या मैफलींचे ते ध्वनिमुद्रण. संचाची सूत्रे तेव्हा फ्रान्चिशेक वालित्स्की या अनुभवी संयोजकाकडे होती. ‘रॉक’ हा शब्द अधिकाऱ्यांच्या कानाला टोचतो म्हणून ‘बिग-बीट’ असे सोज्वळ नाव रूढ करणारा गृहस्थ तो हाच. या तबकडीत खर्ज बास गिटारच्या तारांत आहे, आणि सगळे काही त्यावरून ठरते. तळ तारेचा असल्यामुळे त्याला टोक आहे. प्रत्येक स्वर आघाताने सुरू होतो आणि विरत जातो. पिओत्रोव्स्कीचे ड्रम्स त्या आघातांच्या फटींत घुसतात. आंथिमोसला मागे धरून ठेवणारा कोणताही स्वरसमूह नसल्याने त्याची गिटार एकट्याने मोकळ्या जागेत धावते, कधी कधी धडपडतेही. लांबच लांब उपज, मधेच तुटणारी लय, पुन्हा कुठूनतरी सापडलेली सम. काही समीक्षक या तबकडीला कच्ची म्हणतात. कच्ची ती आहेच, पण तिचा विरळपणा हा कौशल्याचा अभाव नव्हे. तीन वाद्यांमध्ये उरलेली हवा ऐकू येणे हाच त्या रचनेचा धर्म आहे, आणि पुढे ज्या तबकड्यांना परिपक्व म्हटले गेले, त्यांत नेमकी हीच हवा कमी होत गेली.

१९७५च्या ‘नोव्ही होरिझोंत’मध्ये संक्रमण दिसते. एका बाजूला चार छोटे तुकडे, दुसऱ्या बाजूला अख्खी बाजू व्यापणारी ‘वोल्नोश्च झ नामी’ ही रचना. स्टुडिओत एकाच माणसाला थर चढवता येतात, त्यामुळे स्कशेक पहिल्यांदा स्वतःच्याच बासवर स्वतःच कीबोर्ड वाजवताना ऐकू येतो. जोड मात्र अजून दिसते. पियानो पुढे आला की बास बेतासबात होतो, बास उसळला की पियानो गप्प. मला ही तबकडी आवडते ती याच उघड्या शिवणीमुळे, पण ती संचाची सर्वोत्तम कृती आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. तो मान १९७६च्या ‘पाम्येंच’चा.

‘पाम्येंच’मध्ये तीनच रचना आहेत, तिसरी पुन्हा एक अख्खी बाजू खाते. गीते युलियान मातेय या कवीची. इथे सिंथेसायझर पुढे येतो, आणि तो जसजसा स्थिरावतो तसतसा खर्ज तारेतून विजेच्या आंदोलकात सरकतो. हा बदल वाद्याच्या जातीचा आहे. मिनीमूगसारखा त्या काळचा सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर देतो, पण तो स्वर कळ दाबून धरली तोवर टिकतो, तारेसारखा विरत नाही. टिकणाऱ्या खर्जाखाली लय सैल होते, कारण प्रत्येक मात्रेला तळाचा आघात मिळेनासा होतो. पिओत्रोव्स्की ही उणीव भरून काढतो: त्याचे टॉम-टॉम आणि पायाचा ड्रम जवळजवळ सुरेल वाटावेत इतके जड आणि खोल होतात. बासवाल्याने सोडलेले काम ड्रमवाल्याने अर्धे उचलले. आंथिमोसच्या पाठीशी आता टिकून राहणारा स्वर असल्याने त्याला धावण्याची गरज उरत नाही. तानपुऱ्यासमोर बसलेल्या गायकासारखा तो एकेक स्वर लांबवतो, त्याला वळण देतो, थांबतो. संचाचा ‘गंभीर’, ‘चिंतनशील’ स्वभाव म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याचा उगम या फेरवाटपात आहे. मातेयच्या गीतांचा भाव त्याला पूरक ठरला. पण तेच शब्द १९७४च्या त्रिकुटाच्या तळावर बसवले असते तर ते ब्लूजसारखे वाजले असते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे. हे तर सगळे पश्चिमेकडून आलेले. एमर्सन, लेक अँड पामर हेही त्रिकूट, तिथेही मूग, तिथेही बाजूभर पसरलेल्या रचना. सायलेशियन पोरांनी ते ऐकले आणि उचलले. ऐकले असणार यात शंका नाही. परंतु दोन्ही त्रिकुटांत कामाची वाटणी निराळी आहे. कीथ एमर्सन दोन्ही हातांनी हवी तितकी करामत करू शके, कारण त्याच्या बाजूला ग्रेग लेक बास घेऊन उभा असे. तळ शाबूत, म्हणून वर कसरती. शिवाय त्या संचात मुख्य गिटारवादक नव्हता. लेक मधूनमधून गिटार हाती घेई एवढेच. स्कशेकला ही चैन परवडणारी नव्हती. त्याच्या कीबोर्डवादनात कसरत अगदी थोडी आहे, आणि त्याचे कारण त्याचा विनय नव्हे; एक हात बहुतेक वेळ तळाशी अडकलेला असे. पुढे येऊन बोलण्याचे काम त्यामुळे गिटारकडे राहिले. म्हणून इंग्लिश त्रिकूट दिमाखदार वाटते आणि पोलिश त्रिकूट दाट, सावकाश, काहीसे काळोखे वाटते. या काळोखाला ‘स्लाव्ह आत्मा’ वगैरे नाव देण्याची पाश्चात्त्य लेखकांना फार हौस. आत्म्याचा हिशेब ज्याने त्याने करावा; डाव्या हाताचा हिशेब मात्र तबकडीवर ऐकू येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टुडिओत थर चढवण्याची सोय असताना दोन हातांची मर्यादा उरतेच कुठे? १९७७च्या ‘झे स्वोव्हेम ब्येग्ने दो चेबिये’मध्ये प्रत्येक बाजूला एक अशा दोनच रचना आहेत, आणि तिथे बासही आहे, कीबोर्डही आहेत. हे मान्य. पण थर चढवून मिळवलेला भरीवपणा रंगमंचावर नेता येत नसे, आणि एसबीबी हा मुळात रंगमंचावरचा संच होता. पुढे प्रकाशित झालेली सत्तरच्या दशकातली मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकली की स्टुडिओतला भरीवपणा आणि मंचावरचा विरळपणा यांतली ओढाताण स्पष्ट होते. मंचावर स्कशेकला पुन्हा निवड करावी लागते: आता बास की आता कीबोर्ड. एकाच रचनेत तो वाद्य बदलतो तेव्हा सगळ्या संचाचा पोत पालटतो, आणि ते पालटणे रचनेतला नाट्यबिंदू बनते. स्टुडिओने मर्यादा पुसली नाही, फक्त तबकडीपुरती झाकली. अखेर १९७९च्या सुमारास स्वावोमिर पिवोवार हा दुसरा गिटारवादक घेतला गेला. ज्या संचाला मर्यादाच नव्हती त्याला चौथा माणूस कशाला लागला असता?

मधल्या काळातल्या इंग्रजी गाण्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९७८ची ‘फॉलो माय ड्रीम’ पश्चिम जर्मनीत निघाली, १९७९ची ‘वेलकम’ लहान गाण्यांची आहे. बाजारासाठी संचाने आपला नाद विकला, असा आरोप तेव्हापासून होतो. बाजाराने भाषा बदलली आणि लांबी कापली, हे खरे. परंतु ‘वेलकम’चा तळ ऐकला तर तो ‘पाम्येंच’चाच आहे: टिकणारा खर्ज, जड ड्रम्स, त्यावर लांबवलेली गिटार. अडचण वेगळीच झाली. वीस मिनिटांत हळूहळू उलगडणारा पोत पाच मिनिटांत उलगडत नाही, त्यामुळे गाणी सुरेख आरंभ करतात आणि मधेच संपल्यासारखी वाटतात. याउलट १९८१ मध्ये, संच मोडल्यानंतर, बाहेर आलेली ‘मेमेंतो झ बानाल्निम त्रिप्तिकेम’ पुन्हा बाजूभर पसरते, आणि इथे पिवोवारमुळे स्कशेकचा हात काही काळ तळातून सुटतो. नाद उजळतो, जॅझकडे झुकतो, हवा परत येते. काहींच्या मते ही सर्वोत्तम तबकडी. माझ्या मते ती वेगळ्याच, कधी न झालेल्या चौकडीची पहिली तबकडी आहे.

फाटाफुटीनंतर तिघे कुठे गेले हेही या युक्तिवादाला बळ देते. पिओत्रोव्स्की ‘कोंबी’ या इलेक्ट्रॉनिक पॉप संचात गेला, जिथे नेमके, आखीव ठोके लागत. आंथिमोस तोमाश स्तान्को या ट्रम्पेटवादकाच्या विद्युत संचात वाजवू लागला. (हाच स्तान्को १९८०च्या सुमारास भारतात येऊन ताजमहालात आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत एकट्याने ट्रम्पेट वाजवून गेला, त्या ध्वनिमुद्रणात साथीला फक्त दगडी भिंतींचे घुमणे आहे. महाराष्ट्रात घडलेले हे काम इथल्या जॅझप्रेमींनाही क्वचितच ठाऊक असते.) आणि स्कशेक? तो चर्चमधल्या पाइप ऑर्गनकडे वळला, चित्रपटांना संगीत देऊ लागला. ऑर्गनवर खर्ज पायांनी वाजतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दहा वर्षे ज्या कोंडीत तो सापडला होता, तिचे उत्तर त्याला शतकानुशतके जुन्या वाद्यात मिळाले.

नव्वदच्या दशकातल्या पुनर्मीलनानंतरची चर्चा बहुधा ‘जुनी जादू आहे का’ एवढ्यावर अडते. ऐकण्यासारखा बदल ड्रम्सचा आहे. २००० पासून पॅट मेथिनीच्या संचातून नावारूपाला आलेला अमेरिकन पॉल वर्टिको ड्रम्सवर बसला. त्याचे वादन झांजांतून चालते. लय वरच्या पट्टीत झुळझुळते. पिओत्रोव्स्कीने तळाचे जे अर्धे काम उचलले होते ते इथे कोणीच उचलत नाही. म्हणून ‘नास्त्रोये’ (२००२) आणि ‘न्यू सेंचुरी’ (२००५) नितळ, कुशल आणि थोड्या अधांतरी वाटतात. वर्टिको हा या संचातला कदाचित सर्वांत तयार वादक, आणि तरीही संचाला सर्वांत कमी मानवलेला. त्याच्यानंतर आलेल्या गाबोर नेमेथ या हंगेरियनाने वजन परत आणले. २०१४ मध्ये पिओत्रोव्स्की स्वतः परतला आणि २०१६च्या तबकडीत हात मंदावलेले असले तरी वाटणी पुन्हा जुनी झाली.

असा हिशेब एका संचापुरता खरा असेल, पोलिश जॅझ-रॉकला तो लागू कसा, असे कोणी विचारेल. क्राकुफच्या ‘लाबोरातोरियुम’शी तुलना करून पाहावी. यानुश ग्झीवाचचे कीबोर्ड, मारेक स्त्रिशोव्स्कीचा सॅक्सोफोन, आणि बास स्वतंत्र माणसाकडे. पुढे तो क्शिश्तोफ श्चेरान्स्कीकडे आला आणि त्याने त्या वाद्यावर नाव कमावले. तिथे नाद बदलला तो वरच्या मजल्यांवर. तळ फंकच्या चालीने टणक होत गेला, सैल कधी झाला नाही. आजच्या व्रोत्सवाफकर तरुणांचा ‘ब्वोतो’ हा संचही चौघांचा: सिंथेसायझर, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि वेगळा बास. सत्तरच्या दशकाबद्दलचा त्यांचा आदर त्यांच्या संगीतात ऐकू येतो, पण एसबीबीची वाटणी त्यांनी घेतलेली नाही, आणि पोलंडमध्ये इतर कोणी ती पुढे नेल्याचे माझ्या कानावर नाही. लूप आणि नमुना-यंत्रे पायाशी आल्यापासून एका वादकाला तळ सोडूनही तळ चालू ठेवता येतो. स्कशेकने बास खाली ठेवल्यावर पडणारी पोकळी आता पडतच नाही, आणि तिच्याभोवती रचलेले संगीतही मग नव्याने सुचण्याचे कारण उरलेले नाही.