शहाण्णवमधल्या सेहेचाळीस

बीडच्या सचिन धसनं 6 फेब्रुवारी 2024 रोजी बेनोनीच्या मैदानावर 95 चेंडूंत 96 धावा केल्या. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती आणि समोर यजमान दक्षिण आफ्रिका. त्या खेळीत 11 चौकार आणि 1 षटकार. मोबाइलवर हायलाइट्स लावले की हे बारा चेंडू झरझर येतात, पन्नास धावा होतात आणि खेळी बघितली असं वाटतं. माझा जीव मात्र उरलेल्या 83 चेंडूंत अडकलाय. त्यांवर त्यानं 46 धावा पळून काढल्या. या खेळीची खरी गोडी त्या 46 धावांत आहे.

सामना कुठल्या वळणावर होता ते आधी पाहू. दक्षिण आफ्रिकेनं 7 बाद 244 धावा केल्या होत्या. भारताच्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर क्वेना मफाकानं आदर्श सिंगला बाद केलं. बारा षटकं पुरी व्हायच्या आत 4 बाद 32. तेव्हा सहाव्या क्रमांकावर धस आला. दुसऱ्या टोकाला कर्णधार उदय सहारन. अजून 213 धावा हव्या होत्या. आपल्याकडे तेव्हा दिवस मावळत होता.

आमच्या हिंगोलीकडच्या प्रेक्षकाची नजर कशी घडलीय, याचाही विचार करायला हवा. कळमनुरी, सेनगावच्या गावांत पीक निघालं की मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. सामने सहा-आठ ओव्हरचे. माइकवरचा कॉमेंट्रीवाला सिक्सरला गाव उठवतो. एक धाव निघाली तर स्कोअर सांगून पुढच्या चेंडूकडे वळतो. सिनेमानंही हेच शिकवलं. 2001चा 'लगान' मला मनापासून आवडतो. सामन्याला इतका वेळ देणारे सिनेमे आपल्याकडे थोडेच. तरी तोही नायक भुवनच्या शेवटच्या चेंडूवरच्या षटकारावरच येऊन थांबतो. पडद्याला शिखर लागतं. चढावरची वाट दाखवायला त्याच्याकडे वेळ कुठला?

धसच्या खेळीत ती वाटच सगळ्यात सुंदर आहे. हिशेब करून बघा. 95 चेंडूंत सीमेबाहेर गेलेले 12, म्हणजे साधारण आठ चेंडूंमागे एक. मधले सात चेंडू काय चालतं? तिथं त्याचं डोकं दिसतं. चेंडूला नुसतं ढकलायचं, हाक द्यायची, पळायचं. बाजू बदलली की गोलंदाजाला टप्पा आणि दिशा पुन्हा नव्यानं जुळवाव्या लागतात, एकाच फलंदाजाला सलग सहा चेंडू टाकून कोंडीत पकडायची सोय राहत नाही. चार गडी झटपट गेल्यावर दक्षिण आफ्रिकेला हवी होती ती हीच कोंडी. धसनं ती होऊ दिली नाही.

शेजारी सहारन. त्यानं 124 चेंडूंत 81 केल्या. दोघांची लय वेगळी, आणि ती वेगळी असण्यातच या 171 धावांच्या भागीदारीचं सौष्ठव आहे. दोघंही सहारनच्या गतीनं खेळले असते तर आवश्यक धावगती डोक्यावर चढली असती. दोघांनीही हात मोकळे सोडले असते तर सामना कदाचित तिथंच संपला असता. सहारननं एक टोक रोवून धरलं आणि धसनं जवळजवळ चेंडूमागे धाव या हिशेबानं दुसरं टोक हलतं ठेवलं. त्यात जोडीदारानं मारलेल्या एकेरी-दुहेरी धावांसाठीही यालाच पळावं लागतं, त्या धावा त्याच्या नावावर लागत नाहीत. खेळीचं रसग्रहण करताना हे पळणंही जमेला धरावं, असा माझा आग्रह आहे.

वडिलांनी तेंडुलकरवरून त्याचं नाव सचिन ठेवलं. सामन्याच्या तीनच दिवस आधी त्याला एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. एवढ्या मोठ्या नावाचं ओझं कोवळ्या खांद्यांवर घेऊन पोरं कधीकधी दिखाऊ खेळतात. इथं तसं काही दिसत नाही. मराठवाड्यातून असे खेळाडू आता येऊ लागलेत: 2014च्या युवा विश्वचषकात जालन्याचा विजय झोल भारताचा कर्णधार होता, 2022मध्ये तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर विजेत्या संघात होता. 1999मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं पोरही त्या ओळीत बघायची मला फार इच्छा आहे.

निकाल ठाऊक असताना हा सामना पुन्हा का बघायचा, असं कुणी विचारतं. हिंगोलीच्या दसऱ्यात रावण जळणार हे कुणाला ठाऊक नसतं? तरी रामलीलेला माणसं आधीच्या रात्री बसतातच ना. या खेळीकडे मी तसाच परत जातो, मधल्या षटकांसाठी.

याच स्पर्धेत चार दिवस आधी धसनं नेपाळविरुद्ध 116 धावा केल्या होत्या, सहारनबरोबर 215 धावांची भागीदारी करून. शतक ते होतं, तरी मी या 96 ला वरचं स्थान देतो. इथं समोर मफाका होता, 21 बळी घेऊन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. शेवटी त्यानंच धसला बाद केलं. तेव्हा धावफलक 5 बाद 203, अजून 42 हव्या होत्या. त्यातही गडी पडत राहिले, सहारनही धावबाद झाला, आणि कच्छच्या राज लिंबाणीनं 4 चेंडूंत नाबाद 13 धावा करत 7 चेंडू आणि 2 गडी राखून सामना जिंकून दिला. विजयी चौकार त्याचा, शतक कुणाचंच नाही. सिनेमावाल्यानं हे असं लिहिलं नसतं. मला मात्र हा शेवट असाच हवा, कारण तंबूत बसलेल्या धसच्या त्या पळून काढलेल्या सेहेचाळीस धावा नसत्या, तर लिंबाणीच्या चौकाराची वेळच आली नसती.