घोषणा आणि उतारा

लोकानुनयी पक्ष सत्तेवर आला की घोषणा पुढे आणि धोरण मागे, असा आरोप नेहमी होतो. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तो सरसकट लावणे मला अन्यायाचे वाटते. १९६३ मध्ये हा पक्ष विलीनीकरणाची घोषणा घेऊन सत्तेवर आला व भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र तोच पक्ष पुन्हा सत्तेवर बसला. बहुजनांना घोषणेपेक्षा गावातली मराठी शाळा आणि १९६४ चा कूळ कायदा जवळचा होता, असा मी याचा अर्थ लावतो.

खरी उणीव पुढे दिसते. शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत १९७५ च्या कायद्याने मुंडकाराच्या घराला संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक मानला गेला. पण ‘मानलेला’ मालक आणि एक-चौदाच्या उताऱ्यावरचा मालक यांच्यामध्ये मामलेदार कचेरी उभी होती. तिथे अर्ज, पुरावा, सुनावणी लागते. त्या कामाला टाळ्या पडत नाहीत. २०१४ मध्ये भाजप सरकारने हे दावे दिवाणी न्यायालयांकडे वळवले. पुढे ते मामलेदारांकडेच परत आणावे लागले.

कारापूरच्या कुळाला त्या कायद्याचे ऋण मान्यच आहे. मात्र मते मागायला येणाऱ्याने किती कायदे केले हे सांगण्याआधी, किती उतारे कुळांच्या हाती दिले ते सांगावे.