सी लायब्ररींची बांधणी व ‘लिबटूल’च्या मर्यादा : एक चिकित्सा

सी ही भाषा ‘पोर्टेबल’ आहे, हे विधान आपल्या अध्यापनात इतक्या वेळा केले जाते की त्याची व्याप्ती सहसा तपासली जात नाही. सी भाषेच्या मानकाने भाषेचे नियम निश्चित केले; परंतु सामायिक लायब्ररी कशी बांधावी आणि प्रोग्राम चालू असताना ती कशी लोड करावी, याविषयी ते मानक मौन बाळगते. ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाकांक्षी प्रयत्न म्हणजे ‘ग्नू लिबटूल’. वॉन, एलिस्टन, ट्रोमी व टेलर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्नू ऑटोकॉन्फ, ऑटोमेक अँड लिबटूल’ या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन आढळते.

ग्रंथाचे बलस्थान त्यातील उदाहरणात आहे. ‘सिक’ नावाचा छोटा शेल टप्प्याटप्प्याने उभा राहतो आणि अखेरीस त्याच्या आज्ञा स्वतंत्र मॉड्यूल म्हणून लोड होतात. लिनक्स व सोलारिसवर ‘डीएल-ओपन’, एचपी-यूएक्सवर ‘एसएचएल-लोड’, विंडोजवर ‘लोड-लायब्ररी’ अशी ही निरनिराळी फंक्शने ‘लिबएलटीडीएल’ एकाच आवरणाखाली आणते. जेथे गतिमान लोडिंगच नाही, तेथे मॉड्यूल आधीच प्रोग्रामला जोडून लोड झाल्याचा आभास निर्माण केला जातो. मग समान नावांची फंक्शने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक नावाला मॉड्यूलच्या नावाचा उपसर्ग लावावा लागतो. युक्ती चतुर आहे, देखणी मात्र नाही.

तथापि, हे आवरण आज्ञांमधील भेद झाकते; त्यांच्या अर्थातील भेद त्याला झाकता येत नाही. लिनक्सवरील ईएलएफ पद्धतीत लायब्ररीतील काही नावे अनिर्णित राहू शकतात; लोड होताना ती मुख्य प्रोग्रामकडूनही मिळतात. विंडोजच्या डीएलएलमध्ये प्रत्येक नाव कोठून येणार, हे बांधणीच्या वेळीच सांगावे लागते. परिणामी मुख्य प्रोग्रामचे फंक्शन वापरणारे मॉड्यूल लिनक्सवर विनासायास तयार होते, विंडोजवर अडते. यावर लिबटूल ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय देते. हा उपाय नव्हे. ते लेखकाकडून घेतलेले हमीपत्र आहे. ते न दिल्यास विंडोजवर केवळ स्थिर लायब्ररी तयार होते. याहून गंभीर बाब स्मृतीची. दोन डीएलएल भिन्न सी रनटाइम वापरत असतील, तर एकीने घेतलेली स्मृती दुसरीने मुक्त करणे घातक ठरते. असा दोष बांधणीचे साधन पकडू शकत नाही.

पोल-हेनिंग काम्प यांनी २०१२ मध्ये ‘एसीएम क्यू’मध्ये लिबटूलवर टीका केली. अस्तंगत यंत्रणांसाठीच्या निरर्थक तपासण्यांचा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण त्या तपासण्या काढून टाकल्या तरी वरील भेद उरतातच.

आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत सी दीर्घकाळ ‘टर्बो सी’वर, म्हणजे एकाच यंत्रणेवर शिकवली गेली. त्यामुळे लिंकर व लोडर हे विषय परीक्षेतील व्याख्यांपुरते उरले. वरील मॉड्यूल लिनक्स व विंडोज या दोन्हींवर बांधून दाखविण्याचे एक प्रात्यक्षिक प्रयोगवहीत सहज समाविष्ट करता येईल. दोन्ही कंपायलर विनामूल्य उपलब्ध आहेत.