‘विशेषीकरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

औद्योगिक उत्पादनावरील मराठी लेखनात ‘जागतिकीकरणामुळे विशेषीकरण होते’ हे विधान आज सिद्धान्ताप्रमाणे वापरले जाते. प्रस्तुत टिपणात त्या विधानाच्या भाषेची चिकित्सा करावयाची आहे. कारण विचारातील दोष येथे भाषेच्या वाटेने शिरला आहे.

‘विशेषीकरण’ हे रूप संस्कृत व्याकरणातील च्वि-प्रत्ययाचे. पूर्वी जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. त्यास ‘भू’ धातू जोडला तर क्रिया आपोआप घडते. ‘कृ’ जोडला तर ती घडविणारा कर्ता अपेक्षित असतो. आपली संज्ञा ‘कृ’ची आहे, वापर मात्र ‘भू’चा होतो. कर्ता लुप्त होतो आणि बाजारपेठ पर्जन्यासारखी नैसर्गिक शक्ती भासू लागते.

श्रमविभागणीस बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रतिपादिले. पुण्याच्या भारत फोर्जच्या बाबतीत ते पटते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने वाहनांच्या घडीव भागांत प्रावीण्य मिळविले आणि २००४ मध्ये एक जर्मन कंपनीही विकत घेतली. येथे कामाचे क्षेत्र मर्यादित राहिले, परंतु ते सखोल झाले.

ठाण्याचे उदाहरण निराळे आहे. नौपाड्यापासून फार दूर नसलेली रेमंडची लोकर गिरणी १९२५ साली सुरू झाली. २००९ मध्ये ती ‘बंद झाली’ असे आपण लिहितो. वस्तुतः ती बंद केली गेली. पुढे त्या जमिनीवर गृहसंकुले उभी राहिली. याचे सारे श्रेय वा दोष १९९१ च्या धोरणास देणे सोपे आहे. परंतु याच कंपनीने जळगावची गिरणी १९७९ मध्ये, म्हणजे त्या धोरणापूर्वी बारा वर्षे, काढली होती. उत्पादन ठाण्याबाहेर विस्तारण्याचा निर्णय जागतिकीकरणाची वाट पाहत थांबला नव्हता. शहरातील जमिनीचे मोलही या हिशेबातून वगळता येत नाही.

शास्त्रीय लेखनास अशा कर्तृहीन संज्ञा सोयीच्या असतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि सोय म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. कंपनीचे विशेषीकरण वाढत असताना गावाचे उत्पादन संपू शकते, आणि कताईत आयुष्य मुरलेल्या कामगाराचे कौशल्य निरुपयोगी ठरू शकते. या तिन्ही घटना एकाच शब्दात कोंबल्या की तिसरी दिसेनाशी होते. म्हणून अभ्यासकाने ही संज्ञा योजताना प्रत्येक वेळी विचारावे : विशेषीकरण कोणाचे, आणि ते केले कोणी?