अण्णाभाऊंची कादंबरी ‘फिल्मी’ आहे का?

मंडळी, अण्णाभाऊ साठ्यांचं नाव निघालं की पोवाडा आठवतो, ‘माझी मैना गावावर राहिली’ आठवते. कादंबरीकार म्हणून बोलायची वेळ आली की मात्र जाणकार जरा आखडतात. ‘फकिरा’ चांगली, असं म्हणतात आणि बाकीच्यांना एक शब्द चिकटवून मोकळे होतात: फिल्मी. घोडे, तलवारी, दरोडे, पाठलाग, शेवटी झुंज. आज आम्ही या एका शब्दाची झडती घेणार आहोत.

आधी माणूस बघू. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं अण्णाभाऊंवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क. मांग समाजातला जन्म, शाळा जवळजवळ नाहीच, लहानपणीच बापाबरोबर मुंबईची पायी वाट. पुढं गिरणी, कम्युनिस्ट पक्ष, आणि १९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. ‘फकिरा’ आली १९५९ साली, तिला राज्य पुरस्कार मिळाला १९६१ साली. त्याच वर्षी ‘वैजयंता’वर गजानन जागीरदारांचा चित्रपट आला. मग ‘फकिरा’ पडद्यावर आली. ‘वारणेचा वाघ’ पडद्यावर येईपर्यंत अण्णाभाऊ उरले नव्हते. १८ जुलै १९६९ ला ते गेले.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी फड, मग कादंबरी, शेवटी सिनेमा. गिरणगावातल्या उघड्या मैदानावर, पाळी संपवून आलेल्या कामगारासमोर वग उभा करायचा, तर लांबण लावून चालत नाही. पहिल्याच बोलण्यात भांडण दिसलं पाहिजे, संवाद ठसक्यात तुटला पाहिजे, नाहीतर माणूस उठून घरी जातो. अण्णाभाऊंच्या कादंबरीचा वेग या शाळेतला आहे. सिनेमावाल्यांना तो आयता सापडला. तेव्हा त्या वेगाला फिल्मी म्हणणं म्हणजे मुलाच्या तोंडवळ्यावरून बापाला नाव ठेवणं झालं.

पण वेग सोडा, गोष्टीचं काय? घोड्यावरचा बंडखोर, डोंगरदऱ्या, सरकारी खजिन्याची लूट. हे तर अमेरिकन वेस्टर्नसारखंच वाटतं. मग तुलना नीटच करू. १९५३ चा ‘शेन’ घ्या. अनोळखी बंदूकवाला कुठूनतरी येतो, शेतकऱ्यांच्या वैऱ्यांना संपवतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. कायदा दूर आहे, जमीन अफाट आहे, म्हणून तो जाऊ शकतो.

फकिराला जायला जागाच नाही. वारणेचं खोरं केवढंसं! आणि कायदा दूर नाही, तो मांगवाड्याच्या दारात उभा आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मानंच गुन्हेगार ठरलेल्या माणसानं रोज हजेरी द्यायची. गावाच्या मानासाठी जोगणी आणताना फकिराचा बाप राणोजी मरतो. दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, मग बेडसगावचा खजिना लुटतो. गबऱ्या घोडा कितीही पळो, त्याची माणसं मागं गावातच असतात. सरकार त्यांनाच धरतं, आणि फकिरा स्वतःहून हजर होतो. वेस्टर्नचा नायक शेवटी मोकळा होतो. आमचा नायक आपल्या माणसांसाठी मोकळेपण सोडून देतो. वरून गोष्ट तीच दिसते, पण आत उलटी आहे.

आता दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. सगळ्याच कादंबऱ्यांना हे साधलेलं नाही. तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिणारा, चिरागनगरच्या झोपडीत राहणारा माणूस पोटासाठीही लिहीत होता. बऱ्याच ठिकाणी खलनायक पहिल्या पानावरच ओळखू येतो, स्त्री एकतर पवित्र असते नाहीतर संकटात असते, योगायोग धावून येतात. तिथं ‘फिल्मी’ म्हणा, आम्ही अडवणार नाही. पण मग कारणही सांगा. जिथं भूक, हजेरी आणि गाव हे तिन्ही गोष्टीला बांधून ठेवतात, तिथं तोच वेग पेलतो. ते सुटले की नुसती घोडदौड उरते.

फरक करण्याची ही कसोटी आहे, आणि ती कादंबरीगणिक लावावी लागते. आपल्या समीक्षेनं ते कष्ट टाळले. एक शिक्का मारला आणि सगळं एका फडताळात टाकलं. तोटा कुणाचा? अण्णाभाऊंचा नाही, त्यांचा वाचक त्यांना सोडून गेलेला नाही. वाळवा-शिराळ्याकडं आजही लोक फकिराबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. तोटा झाला तो आमच्यासारख्या समीक्षा करणाऱ्यांचा. शोषणाची एवढी कडक मांडणी साहसकथेच्या अंगानं करता येते, हे मराठी कादंबरीच्या इतिहासात आम्ही ठळकपणे नोंदवलंच नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांना एवढंच सांगणं: ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ लागोपाठ वाचा. घोडा कुठं धावतो ते बघूच नका. धावताना त्याच्या मागं कोण राहतं, ते बघा.