संदर्भनिर्देशाची रीत आणि तिचा अर्थ : वित्तशास्त्रीय नियतकालिकांच्या आधारे

संदर्भसूची हा संशोधनलेखाचा सर्वांत कमी वाचला जाणारा भाग होय. लेख पुरा झाला की नियतकालिकाच्या सूचना समोर ठेवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी बसवावयाचे, एवढाच तिचा व्याप समजला जातो. हे काम कारकुनी आहे ही समजूत विद्यार्थ्यांत आहे, तशीच ती मार्गदर्शकांतही आहे. परंतु सूचीतील प्रत्येक नोंद हे एक विधान असते. अमुक व्यक्तीने अमुक वर्षी अमुक गोष्ट अमुक ठिकाणी मांडली, असे ती सांगते. आणि विधान म्हटले की ते खरे असेल किंवा खोटे. नोंदीतील विरामचिन्हे निर्दोष असूनही तिच्यातील विधान सदोष असणे शक्य आहे. वित्तशास्त्रातील नियतकालिकांची रीत ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा ऑप्शनच्या किंमतीविषयीचा १९७३ मधील प्रसिद्ध निबंध उदाहरणादाखल घ्यावा. १९४६ पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ फायनान्स'च्या सूचीत तो 'ब्लॅक, फिशर, आणि मायरन शोल्स, १९७३' असा येईल. पहिल्या लेखकाचे आडनाव पुढे, दुसऱ्याचे नाव सरळ, दोघांचीही नावे पूर्ण आणि सर्वत्र स्वल्पविराम. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स'च्या रूढ पद्धतीत तोच 'ब्लॅक, एफ., शोल्स, एम., १९७३.' असा होतो. १९८८ पासूनचे 'रिव्ह्यू ऑफ फायनान्शियल स्टडीज' आद्याक्षरे घेते, परंतु दुसरे नाव उलटे करीत नाही. निबंध एक, रूपे तीन. ह्यांपैकी विरामचिन्हांचा भेद निरुपद्रवी आहे. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तो संकेताने ठरतो आणि सर्वांनी पाळला की पुरे. नाव आणि वर्ष ह्या दोन स्थानांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे संकेत अर्थात हस्तक्षेप करतो.

प्रथम नावाचा विचार करू. 'आडनाव, मग स्वतःचे नाव, मग मधले आद्याक्षर' हा साचा पाश्चात्त्य नामपद्धतीवर बेतलेला आहे. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे नाव त्यात घातले म्हणजे 'गाडगीळ, धनंजय आर.' असे होते. नोंद दिसावयास शुद्ध आहे. परंतु अमेरिकन नावातील मधले अक्षर बहुधा त्या व्यक्तीच्याच दुसऱ्या नावाचे असते, मराठी नावातील ते वडिलांचे असते. येथे निदान आडनाव तरी ठिकाणावर राहते. तमिळ पद्धतीत आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी आणि स्वतःचे नाव नंतर, अशी तेथील रूढी. अशा लेखकाने परदेशी कागदपत्रांसाठी वडिलांचे नाव पूर्ण करून शेवटी लिहिले की सूचीत मुलाच्या ग्रंथावर वडिलांचे नाव चढते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या लेखिकेची स्थिती ह्याहून बिकट असते. तिचे लेखन वर्णानुक्रमाने दोन ठिकाणी विभागले जाते, आणि त्या दोन ठिकाणी असलेली व्यक्ती एकच आहे हे सांगण्यास नोंदीत जागाच नाही. २०१२ पासून सुरू झालेला 'ऑर्किड' हा लेखक-क्रमांक ह्या अडचणीवरचा उपाय होय. परंतु छापील सूची वाचणाऱ्यास तो बहुधा दिसत नाही.

वर्षाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात देण्याच्या प्रघाताचे श्रेय सामान्यतः हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधास दिले जाते. ह्या रीतीचा मोठा गुण असा की वाचकास तळटीप न पाहताच विचारांचा कालक्रम कळतो. परंतु जे कळते तो प्रकाशनाचा क्रम असतो, विचाराचा नव्हे. लुई बाशेलिए यांचा सट्ट्याच्या गणिती उपपत्तीवरील प्रबंध १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर पॉल कूटनर यांनी १९६४ मध्ये संपादित केलेल्या संग्रहात आले. भाषांतर वाचून कोणी 'बाशेलिए (१९६४)' असे लिहिले, तर नियमाचा भंग होत नाही. पण मार्कोविट्झ यांच्या १९५२ मधील निबंधानंतर बाशेलिए आले, असा अर्थ निघतो. बावन्न वर्षांचे अग्रेसरत्व एका कंसात नाहीसे होते.

ब्लॅक आणि शोल्स यांच्या बाबतीत तर क्रम उलटाच झाला आहे. त्यांच्या निबंधाचा पहिला मसुदा १९७० मधील. दोन नियतकालिकांनी तो नाकारला, आणि अखेर त्यांपैकीच एका नियतकालिकात, 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त, तो १९७३ मध्ये छापला गेला. दरम्यान त्याच सूत्राची बाजारातील किंमतींवर घेतलेली कसोटी 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये १९७२ सालीच प्रसिद्ध झाली होती. सूची पाहणाऱ्यास परीक्षा आधी आणि सिद्धान्त मागून, असे दिसते. ज्या शास्त्रात निबंध वर्षानुवर्षे अप्रकाशित रूपात हातोहात फिरतात, त्यात हा प्रकार अपवादात्मक नव्हे.

एकाच वर्षातील दोन निबंध अक्षरांनी वेगळे दाखविण्याची रीतही अशीच फसवी आहे. रॉबर्ट मर्टन यांचे ऑप्शनच्या किंमतीविषयीचे आणि बहुकालिक भांडवली मालमत्तेच्या किंमतीविषयीचे असे दोन महत्त्वाचे निबंध १९७३ चेच आहेत. कोणी शीर्षकांच्या वर्णक्रमाने अक्षरे लावतो, कोणी मजकुरातील उल्लेखक्रमाने. एका लेखातील '१९७३अ' दुसऱ्या लेखात '१९७३ब' होऊ शकतो. मूळ निबंध न पाहता दुसऱ्याच्या लेखातून निर्देश उचलणाऱ्याचे बिंग येथे फुटते.

आता वाक्यातील निर्देशाकडे वळू. 'जर्नल ऑफ फायनान्स' कंसाच्या आतही वर्षाला स्वतंत्र कंस देते. इतर नियतकालिके आतला कंस काढून टाकतात. हा भेद वरवर क्षुल्लक आहे. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे : 'फामा (१९७०)' हे नाव माणसाचे की निबंधाचे? इंग्रजी वाक्यात ते कर्ता होऊन येते आणि प्रश्न अनुत्तरित राहतो. मराठीत तो टाळता येत नाही. 'फामा म्हणतात' असे आदरार्थी बहुवचन वापरले की कर्ता व्यक्ती होते. 'फामा यांच्या १९७० मधील निबंधात म्हटले आहे' असे लिहिले की आधार निबंधाचा होतो. ह्या भेदाला आशय आहे. बाजाराच्या कार्यक्षमतेचे दुर्बल, अर्धसबल आणि सबल असे तीन प्रकार युजीन फामा यांनी १९७० मध्ये विशद केले. १९९१ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी स्वतःच त्या वर्गीकरणाची फेरमांडणी केली. 'फामा असे वर्गीकरण करतात' हे वाक्य म्हणून अपुरे आहे; '१९७० मधील निबंधात त्यांनी असे वर्गीकरण केले' हे अचूक आहे. मत बदलण्याचा अधिकार माणसाला असतो, छापलेल्या निबंधाला नसतो.

एकरूपतेचा आग्रह धरणाऱ्या संपादकांची बाजू दुर्बल आहे, असे मात्र नव्हे. शेकडो नोंदी एका साच्यात असल्या तरच चूक नजरेस येते, आणि यंत्राला एका लेखापासून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग सापडतो. आज हा साचा संगणक क्षणात घालून देतो. 'जर्नल ऑफ फायनान्स'ने नाकारलेला लेख दुसऱ्या नियतकालिकाच्या रूपात बसविण्यास श्रम पडत नाहीत. परंतु यंत्र स्वल्पविराम सुधारते. बाशेलिए यांचे वर्ष सुधारत नाही.

म्हणून विरामचिन्हे यंत्रावर सोपवावीत आणि वाचलेला वेळ तीन प्रश्नांना द्यावा. हे नाव त्या व्यक्तीने स्वतः लिहिले असते तसेच आहे काय? हे वर्ष विचाराचे आहे की केवळ छपाईचे? आणि विधानाचा आधार त्या निबंधात प्रत्यक्ष पाहिला आहे काय? भाषांतराच्या वर्षासमवेत मूळ वर्षही नोंदविले, तर कोणताही संपादक सहसा हरकत घेत नाही. संदर्भसूची हा पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याचा कागद आहे. त्यावर धनकोचे नाव आणि देण्याची तारीख चुकली, तर अक्षर कितीही वळणदार असले तरी तो दस्तऐवज खोटाच ठरतो.